चेनसॉची दोरी ओढलीच जात नाही : अडतंय कुठे, ते कसं ओळखायचं?

कलमबाग

मशीन ५२ सीसीचं, टू-स्ट्रोक, २२ इंची पट्टी. मे अखेरीस छाटणी आटोपल्यावर पडवीत ठेवलं होतं, टाकीत थोडं पेट्रोल तसंच राहिलं. आता पावसानंतर बाहेर काढलं तर दोरी भयंकर जड. वीतभर येते आणि अडते, जोर लावला की झटक्याने सुटते, पुन्हा अडते. हँडल सोडल्यावर चटकन आत जात नाही, रेंगाळत जातं.

चेन ब्रेक लावून आणि सोडून, दोन्ही प्रकारे ओढून बघितलं, काही फरक नाही. चोक देऊन बरंच ओढलं, इंजिनाने एकदाही उचल घेतली नाही. इथला मेकॅनिक न उघडताच म्हणतो की पिस्टन गेला, सिलिंडर-पिस्टनचं किट टाकावं लागेल. त्याआधी घरी काय तपासता येईल? प्लग पाना, ॲलन कीचा सेट, स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड एवढं आहे.

पाना_पकड

किट आत्ताच आणू नका. दोरी जड होण्याची कारणं डझनभर असतील, पण जागा तीनच: दोरीचं घर म्हणजे रिकॉइल, सिलिंडरचा आतला भाग, किंवा फिरणाऱ्या भागाला बाहेरून काहीतरी घासतंय. यातली कुठली ते दोन चाचण्यांत कळतं आणि इंजिन उघडावं लागत नाही.

पहिली चाचणी. स्विच बंद करा, टोपी काढून प्लग बाहेर काढा. हे उघड्यावर करा, चुलीपासून आणि विडी-सिगरेटपासून लांब, आणि प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नका. आता दोरी सावकाश ओढा. एकदम हलकी झाली तर अडथळा सिलिंडरच्या आत कोंडलेल्या गोष्टीचा आहे. भोकातून पेट्रोलची पिचकारी आली तर उत्तर तिथेच मिळालं: हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन वर येता येता थांबतो. मशीन उलटं धरून, भोक जमिनीकडे करून, पाच-सहा वेळा ओढा, म्हणजे साचलेलं बाहेर पडेल. स्विच बंदच हवा, नाहीतर बाहेर लोंबणाऱ्या टोपीत ठिणगी पडून भडका उडू शकतो.

प्लग काढूनही जड असेल तर दुसरी चाचणी. स्टार्टरच्या कव्हरचे चार स्क्रू काढा (या मशीनला बहुतेक ४ मि.मी. ॲलन की लागते, काहींना टी-२७ स्टार बिट). कव्हर दोरीसकट हातात येतं. कव्हर हातात धरून नुसती दोरी ओढा. इथेच जड लागली तर इंजिनाचा काही संबंध नाही. पट्टीचं तेल आणि बारीक भुसा यांचा लगदा पुलीमागे बसलेला असतो, दोरीचा एखादा वेढा बाजूला घसरून दबलेला असतो, किंवा कुणीतरी आधी उघडून मधला स्क्रू वॉशर न घालता आवळलेला असतो.

दोरी मोकळी आणि इंजिन जड असेल तर फ्लायव्हीलचे (कव्हरमागचं पंखवालं चाक) पंख बोटांनी धरून फिरवा. त्या बाजूने बघताना दिशा घड्याळाच्या उलट. नटाला पाना लावून फिरवू नका. नट सरळ आट्याचा आहे, उलट फिरवलात तर इंजिन फिरण्याऐवजी नटच सुटेल. फिरवताना एवढंच बघा: पूर्ण फेरीत सारखं जड आहे, की एका ठरावीक जागीच अडतं? सारखं जड म्हणजे बेअरिंग किंवा पिस्टन. एकाच जागी म्हणजे बहुतेक वेळा पिस्टनचा दोष नसतोच.

दोन्हीचा निकाल इथे लिहा, मग पुढचं बघू.

टूस्ट्रोक

वरच्यात थोडी भर. चेन ब्रेकने फरक पडत नाही हे बरं झालं, म्हणजे क्लचवरचा संशय फिटला. क्लचची स्प्रिंग तुटलेली असती तर शू कायम ड्रमला चिकटून राहिले असते: ब्रेक लावल्यावर दोरी पूर्ण जाम आणि ब्रेक सोडल्यावर दोरीसोबत चेनही फिरली असती.

प्लग काढल्यावर हलकी, पण पेट्रोलचा थेंब नाही, असं झालं तर प्लग कोणता लावलाय ते बघा. या मशीनच्या प्लगचा आटा १४ मि.मी. व्यासाचा आणि जेमतेम ९.५ मि.मी. लांबीचा असतो. जुन्या मोटारसायकलचे काही प्लग त्याच व्यासाचे पण लांब आट्याचे असतात. ते आरामात आत जातात आणि पिस्टनच्या डोक्याला लागतात. दोरी दर फेरीला ठक्कन एका जागी थांबते. अशा वेळी जोराने ओढलं तर प्लगचं टोक वाकतं आणि पिस्टनला खड्डा पडतो. जुन्या प्लगवर कोरलेला नंबर दाखवूनच नवीन घ्या. नुसतं 'कटरचा प्लग द्या' म्हटलं की दुकानदार जो हाताला लागेल तो देतो.

ओढायच्या पद्धतीनेही अर्धा जडपणा कमी होतो. मशीन जमिनीवर सपाट, चेन ब्रेक लावलेला, डावा हात पुढच्या दांड्यावर, उजव्या पायाचा चवडा मागच्या हँडलमध्ये. दोरी आधी सावकाश ओढून जिथे दाब लागतो तिथपर्यंत आणायची आणि तिथून झटका द्यायचा. सुरुवातीपासून जोर लावला तर निम्मा जोर ढिली दोरी ताणण्यातच जातो. मशीन हातात लोंबकळत धरून, खाली टाकत टाकत ओढणारे बरेच दिसतात. एकदा इंजिनाने अर्धवट उचल घेतली की पट्टी मांडीकडे वळते, म्हणून ते नकोच.

हिरवं_रान

पावसाळ्यात पडून होतं म्हणजे पिस्टनची रिंग गंजून चिकटली असणार. प्लगच्या भोकातून टूटी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते तेल) ओता, रात्रभर ठेवा, सकाळी एकाने मशीन दाबून धरायचं आणि दुसऱ्याने दोरी ओढायची. सुटते.

जुनं_गॅरेज

@हिरवं_रान, तेलाची कल्पना बरोबर, पण माप हवं. चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलि, त्याहून जास्त नको. ओतत बसलात आणि नंतर प्लग लावून ओढलंत तर पेट्रोलने होतं तेच तेलाने होईल. तेल घातल्यावर प्लग न लावता, भोकावर फडकं धरून, फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवायचं.

दोघांनी मिळून ओढणं मात्र कुठल्याच परिस्थितीत नको. दोरी तुटली तर स्वस्तात सुटलात. पुलीवरचे प्लास्टिकचे दात मोडतात, आणि रिंग खरोखर चिकटलेली असेल तर ती एक्झॉस्टच्या खिडकीत (धूर बाहेर जायचं सिलिंडरचं भोक) अडकून तुटते. तुटलेला तुकडा सिलिंडरच्या आतल्या मुलाम्यावर रेघ ओढतो आणि मग मात्र मेकॅनिक म्हणतो ते किट खरंच घ्यावं लागतं.

रिंगची शंका असेल तर अंदाज कशाला, बघून घ्या. सायलेन्सर दोन बोल्टवर असतो. तो काढला की एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनची बाजू दिसते. बॅटरी मारा आणि फ्लायव्हील हलवत पिस्टन खिडकीसमोर आणा. बाजू गुळगुळीत, करड्या रंगाची, आडव्या बारीक मशिनिंगच्या रेषा अजून दिसतायत, तर पिस्टन ठणठणीत. उभे खोल ओरखडे आणि त्यावर अल्युमिनियम पुसल्यासारखं दिसत असेल तर पिस्टन पकडला होता, म्हणजे सिलिंडरमध्ये घासून अडकला होता. ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला असले तर कारण बहुधा तेल कमी किंवा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). कार्बोरेटरच्या बाजूला असले तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेलीय. रिंग काडेपेटीच्या काडीने दाबून बघा, आत दबून परत बाहेर आली पाहिजे. लोखंडी टोच्याने दाबू नका.

कलमबाग

सगळ्यांचे आभार. आज दुपारी सगळं केलं.

प्लग ओला आणि काळा निघाला. आटा आखूड आहे, नंबर मूळ प्लगचाच. प्लग काढून ओढल्यावर थोडं पेट्रोल उडालं, पिचकारी म्हणता येणार नाही. नंतर दोरी जराशी हलकी झाली, पण अडणं गेलं नाही. कव्हर काढलं तर आत भुसा आणि तेलाचा जाड थर. नुसती दोरी ओढली तर मोकळी येते, परत मात्र सावकाश जाते. फ्लायव्हील हाताने फिरवलं: दर फेरीला एकाच जागी अडतं आणि खर्र असा आवाज येतो, बाकी फेरी मोकळी. सायलेन्सर काढून पिस्टन बघितला, आडव्या रेषा स्पष्ट दिसतायत, ओरखडे नाहीत, रिंग दबते.

पाना_पकड

मग पिस्टनला हात लावायचं कारणच नाही. फ्लायव्हीलचं चुंबक इग्निशन कॉइलच्या (प्लगला ठिणगीची वीज देते ती) पायांना घासतंय. फेरीत एकदाच अडण्याचं कारण म्हणजे चुंबक परिघावर एकाच जागी बसवलेलं असतं. चार महिने दमट हवेत राहिलं की चुंबकाच्या आणि कॉइलच्या लोखंडी पट्ट्यांवर गंजाचे पापुद्रे धरतात. दोघांमधली फट मुळात ०.३ मि.मी.च्या आसपास असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडा थोडा गंज चढला तरी ती भरते.

करायचं असं. कॉइलचे दोन्ही स्क्रू काढा, वायर न ओढता कॉइल बाजूला करा. चुंबकाची बाजू आणि कॉइलचे पाय ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. धातू चमकला की थांबा, झिजवत बसू नका. मग कोरड्या फडक्याने नीट पुसा, कारण चुंबक गंजाचा चुरा स्वतःला चिकटवून घेतं आणि तोच चुरा पुन्हा फटीत जातो. कणकेचा गोळा दाबून उचलला तर तो चुरा छान निघतो.

आता कॉइल परत बसवा, स्क्रू ढिले ठेवा. चुंबक कॉइलच्या समोर येईल असं फ्लायव्हील फिरवा. मध्ये साधं व्हिजिटिंग कार्ड घाला, ते साधारण ०.३ मि.मी. जाड असतं (चकचकीत प्लास्टिकचं नको, जाड असतं). चुंबक कॉइलला आपोआप ओढून कार्डावर बसवेल. दोन्ही पाय कार्डाला टेकलेत हे बघून स्क्रू आवळा, कार्ड काढा, फ्लायव्हील पूर्ण फेरी फिरवा. कुठेही स्पर्श नको.

प्लग ओला होता त्याचं कारण वेगळं नाही. चोक देऊन ओढत राहिलात, फ्लायव्हील पुरेशा वेगाने फिरलंच नाही, ठिणगी पडली नाही, पेट्रोल मात्र दर ओढीला आत जात राहिलं. प्लग ब्रशने साफ करून कोरडा करा, टोकांमधलं अंतर ०.६ मि.मी. ठेवा. पहिल्यांदा चालू करताना चोक देऊ नका.

जुनं_गॅरेज

निदान पटलं, पण फट कशामुळे कमी झाली ते तपासल्याशिवाय कव्हर लावू नका. गंज हे एक कारण झालं. अजून दोन आहेत, आणि दुसरं महागात पडणारं आहे.

एक, कॉइलचा स्क्रू. तो अल्युमिनियममध्ये बसतो, आटा झिजला की कंपनाने ढिला होतो आणि चुंबक कॉइलला स्वतःकडे ओढतं. आवळताना स्क्रू नुसताच फिरत राहिला तर कार्ड लावून काही उपयोग नाही, दोन दिवसांत पुन्हा घासेल. आटा नीट असेल तर स्क्रूला निळ्या रंगाचं थ्रेड लॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावा.

दोन, क्रँकचं, म्हणजे फ्लायव्हील ज्या शाफ्टवर बसतं त्याचं बेअरिंग. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. फिरवायचं नाही, हलवायचं. हाताला जाणवेल एवढाही खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, फ्लायव्हील तिरकं फिरतंय म्हणून घासतंय. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने किंचित सरकणं चालतं, वर-खाली अजिबात नको. खेळ असताना फट वाढवून मशीन चालवलं तर सील फाटतं, तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि काही दिवसांत पिस्टन पकडतो.

खेळ नाही पण फिरवताना वाळू भरल्यासारखी खरखर पूर्ण फेरीभर येते, तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज आहे. टाकीत पेट्रोल राहिलं होतं म्हणून ही शंका. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली बसतं. टाकीतला फिल्टर तळाशीच पडलेला असतो, म्हणजे इंजिनात आधी तेच जातं आणि त्यात टूटी ऑइल जवळजवळ नसतं. ते जुनं पेट्रोल टाकून द्या, दुसऱ्या मशीनमध्येही नको. ताजं एक लिटर पेट्रोल आणि साधं टूटी ऑइल असेल तर ४० मिलि, चांगल्या प्रतीचं एफडी दर्जाचं असेल आणि मशीनच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तरच २० मिलि.

घाटमाथा

इथेच विचारतो. माझं ७० सीसीच्या वरचं मशीन आहे, गार असताना दोरी ठीक, तासभर चालवून बंद केलं की पुन्हा ओढायला जड. यालाही कॉइल?

टूस्ट्रोक

नाही. कॉइल घासत असेल तर ती गार असतानाही घासेल. गरम झाल्यावरच जड होत असेल तर आधी चालवणं थांबवा आणि वर लिहिलंय तसा सायलेन्सर काढून पिस्टन बघा. पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त फुगतोय, म्हणजे मिश्रणात तेल कमी, कार्बोरेटरचा एच स्क्रू (जास्त वेगाला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) जास्त आवळलेला, किंवा कव्हरखाली सिलिंडरच्या पंखांमध्ये भुसा कोंबून बसलाय. तिसरं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दिसणारं.

पिस्टन स्वच्छ निघाला तर तुमच्या आकाराच्या मशीनला बहुधा डीकॉम्प्रेशनचं (सिलिंडरमधला थोडा दाब सोडून देणारं) बटण असेल, सिलिंडरच्या वर किंवा बाजूला. ते प्रत्येक ओढीआधी दाबायचं असतं. इंजिनाने एक उचल घेतली की ते आपोआप वर येतं, आणि गरम इंजिन लगेच उचल घेतं. मग पुढची ओढ पूर्ण दाबावर. बटण दाबूनही काहीच फरक पडत नसेल तर त्याच्या बारीक भोकात कार्बन साचलाय, काढून पेट्रोलमध्ये भिजवा.

कलमबाग

कॉइलचे पाय खरोखर लाल झाले होते. घासून, पुसून, कार्ड लावून बसवले. स्क्रू घट्ट बसतात, फ्लायव्हीलला वर-खाली खेळ नाही, खरखरही नाही. आता हाताने मोकळं फिरतं. ताजं पेट्रोल ४० मिलि तेल घालून भरलं, चोक न देता चालू झालं, आधी भरपूर धूर.

दोरी मात्र हँडलपासून वीतभर अंतरावर उसवलीय, आणि परत जायला अजून रेंगाळते. दोरी कोणती घेऊ? स्प्रिंग बदलावी लागेल का?

पाना_पकड

स्प्रिंग बहुधा ठीक आहे, तेलाच्या लगद्याने रेंगाळतेय. दोरी बदलताना साफ करा. स्प्रिंग ज्या डबीत आहे तिला हात लावताना डोळ्यांना चष्मा हवा, सुटली तर पात्यासारखी उडते. डबीसकट पेट्रोलने ब्रश मारून धुवा, पूर्ण सुकू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब. ग्रीस लावू नका, भुसा त्यालाच चिकटतो.

दोरी ३.५ मि.मी. जाडीची, विणलेली, स्टार्टरसाठी म्हणून मिळते ती. लांबी जुनी मोजून, साधारण एक मीटर. कपडे वाळत घालायची नायलॉन दोरी ताणते आणि उष्णतेने मऊ होते. ४ मि.मी.ची घेतली तर पुलीच्या खाचेत शेवटचे वेढे मावत नाहीत आणि पुन्हा जडपणा येतो, तेव्हा जाड म्हणजे मजबूत हा हिशोब इथे लावू नका. टोकं काडीने वितळवून, गरम असतानाच ओल्या फडक्यात पिळून टोकदार केली की भोकातून सहज जातात.

दोरी पुलीवर गुंडाळून हँडलला गाठ मारली की स्प्रिंगला ताण द्यायचा. पुलीच्या कडेला खाच असते. त्यात दोरीचा फास अडकवून, दोरी ओढल्यावर पुली ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तिला तीन-चार फेरे द्या, पुली धरून ठेवा, फास बाहेर ओढून घ्या आणि हळू सोडा. हँडल कव्हरला टेकलं पाहिजे. लोंबत असेल तर अजून एक फेरा.

मग उलट बाजूची तपासणी, जी बरेच जण विसरतात: दोरी पूर्ण बाहेर ओढा आणि त्या अवस्थेत पुली बोटाने पुढे ढकला. अजून निदान अर्धा फेरा फिरली पाहिजे. फिरत नसेल तर ताण जास्त झाला, स्प्रिंग प्रत्येक ओढीला शेवटपर्यंत ताणली जाईल आणि तुटेल. एक फेरा कमी करा.

जुनी दोरी हँडलपासून वीतभरावरच उसवली म्हणजे कव्हरवरची दोरीची कडी बघा. तिला एका बाजूने खाच पडली असेल तर ती बदला, नाहीतर नवी दोरीही तिथेच कापली जाईल. आणि ओढताना हात कडीच्या सरळ रेषेत वर जाऊ द्या, तिरपा नको.